चार आणि तीनची अदलाबदल

विष्णुपुरी, नांदेड
२१ जानेवारी २०२४

रुद्रेश,

तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतोस. पत्राचं तसं होणार नाही. पोस्टमन ते उदगीरला दुकानात तुझ्या हातात देईल, आणि चिक्कप्पा जेवायला घरी गेलेले असले तर तू ते उघडशील. मला एवढं पुरे.

अप्पा म्हणजे वडील, अव्वा म्हणजे आई, चिक्कप्पा म्हणजे धाकटे काका आणि दोड्डप्पा म्हणजे थोरले, हे इथं खोलीवरच्या मैत्रिणींना सांगावं लागतं. मग त्या विचारतात, सख्खा चुलतभाऊ आहे, शेताला शेत लागून आहे, तर बोलत का नाही? तेव्हा मला बोरची गोष्ट सांगावी लागते. दोन वर्षांपूर्वी तुमचा नवा बोर लागला, आमचा जुना आटला, मग आम्ही तुमच्यापेक्षा खोल घेतला आणि तुमचं पाणी कमी झालं. बांधावर आमचे अप्पा आणि चिक्कप्पा एकमेकांना जे बोलले ते काही मी त्यांना सांगत नाही. त्यानंतर बोलणं बंद, एवढंच सांगते.

आता लिहिण्याचं कारण. एम.एस्सी.च्या या शेवटच्या सत्रात मी गेम थिअरी हा विषय घेतलाय. नावावरून पत्त्यांचा किंवा बुद्धिबळाचा वाटतो. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी वर्षाराणी मॅडमनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "समजा, नांदेडात तुमची आणि मैत्रिणीची चुकामूक झाली. फोन नाही. काही ठरलेलं नाही. तुम्ही कुठं जाऊन थांबाल?" बहुतेकांनी गुरुद्वाऱ्याचा दरवाजा लिहिला, काहींनी रेल्वे स्टेशन. माहूरच्या एका मुलीनं तिच्या मावशीचं घर लिहिलं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशीचं घर चांगलंच असेल. पण मैत्रीणही तिथंच येईल, असं हिनं का धरलं?"

हा सगळा विषय तेवढाच आहे बघ. मी काय करावं हे तू काय करशील यावर ठरतं, आणि तू काय करशील हे मी काय करीन असं तुला वाटतं त्यावर. नेहमीच्या गणितात समोर फक्त आकडे असतात. इथं समोर माणूस असतो, आणि तोही आपल्यासारखाच विचार करत बसलेला असतो.

मॅडमनी सांगितलंय, आपल्या माहितीतला एक खराखुरा झगडा घ्या, त्याचा तक्ता मांडा आणि सत्र संपेपर्यंत त्याच्या मागे लागा. मी आपला बांध घेतला. रागावू नकोस, नावं बदलली आहेत.

दोन बाजू आहेत, आमचे अप्पा आणि तुझे अप्पा. दोघांपुढं दोनच वाटा: यंदा आणखी खोल बोर घ्यायचा, किंवा नाही घ्यायचा. म्हणजे चार शक्यता होतात. प्रत्येकीला एक ते चार आकडा द्यायचा, चार म्हणजे सगळ्यात आवडती, एक म्हणजे नकोशी. हे पैसे नव्हेत, नुसता आवडीचा क्रम आहे. मी असं लिहिलं: आपण बोर घेतला आणि दुसऱ्यानं घेतला नाही, तर सगळं पाणी आपलं, म्हणून चार. दोघांनीही घेतला नाही तर आहे ते पाणी पुरवून वापरता येईल, तीन. दोघांनीही घेतला तर झरा खाली जाईल, दोघांची मोसंबी अर्धी वाळेल, दोन. आणि आपण नाही घेतला, दुसऱ्यानं घेतला, तर आपली बाग गेली, एक.

आता गंमत बघ. तुम्ही बोर घेतला नाही, तर आम्हाला घेण्यात फायदा, कारण तीनपेक्षा चार मोठा. तुम्ही घेतला, तरीही आम्हाला घेण्यातच फायदा, कारण एकापेक्षा दोन मोठा. तुम्ही काहीही करा, आमचं उत्तर एकच येतं, बोर घ्या. तुमचंही तेच येतं. दोघंही शहाणपणानं वागतात आणि दोघंही दोनवर येऊन बसतात, जेव्हा दोघांना तीन मिळू शकत होते. यातून कोणीही एकट्यानं मागे फिरला तर त्याचा एक होतो, म्हणून कोणी फिरत नाही. याला समतोल म्हणतात. वहीत उत्तर बरोबर आलं, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कारण मागच्या आठवड्यात घरी गेले होते तेव्हा भीमाशंकर ओसरीवर बसला होता. बोरची गाडी आणून देणारा तो एजंट, तुला माहीतच आहे. तो अप्पांना म्हणत होता की मलप्पा मालकांनी, म्हणजे चिक्कप्पांनी, पाडव्यानंतरचा नंबर लावलाय. खरं आहे का? आमच्या अप्पांनी त्याला काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही.

शिवकन्या

विष्णुपुरी, नांदेड
१८ फेब्रुवारी २०२४

रुद्रेश,

उत्तर नाही. हरकत नाही, तरी लिहिते, कारण माझा तक्ता चुकला होता.

मी तो मॅडमना दाखवला तेव्हा वाटलं होतं शाबासकी मिळेल. त्यांनी नीट बघितला आणि विचारलं, "हे पहिल्या गड्याचे आकडे कोणी सांगितले?"

"मी भरले, मॅडम. ते माझे वडील आहेत."

"आणि दुसऱ्याचे?"

"तेही मीच भरले."

"मग हा तुझा एकटीचाच खेळ झाला की," त्या म्हणाल्या. "बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण कोणाला काय हवंय हे गणित सांगत नाही. ते त्याला विचारावं लागतं."

मी शनिवारी बस धरून घरी गेले. अप्पा बागेत ठिबकच्या नळ्या झटकत बसले होते, कचरा अडकला की तोटीतून थेंब येत नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "अप्पा, समजा चिक्कप्पानं बोर घेतला न्हाई अन् तुम्ही घेतला. लई बरं होईल ना?"

"त्यानं घेतला न्हाई, तर मी कशाला घेऊ?"

"सगळं पाणी आपल्याला येईल की."

त्यांनी नळी खाली ठेवली. "अन् त्याची बाग वाळून राहिलेली बघत बसू बांधावर? रोज सकाळी?"

"मग दोघांनीबी घेतला न्हाई तर?"

"त्याच्याइतकं बरं काय हाय? पण तो थांबणार न्हाई ना. तो घेणार अन् मी हात जोडून बसणार, मंग गावात येडा कोण ठरला? मी."

मी तिथंच ढेकळांवर बोटानं चार घरं आखली. त्यांच्यासाठी दोघांनी न घेणं हेच चार होतं. एकट्यानं घेणं तीन. खालचे दोन आणि एक जिथल्या तिथं. म्हणजे माझ्या तक्त्यात आणि त्यांच्या मनात फरक एवढाच की चार आणि तीनची अदलाबदल झाली होती.

आणि एवढ्यानं सगळा खेळच बदलतो, रुद्रेश. पहिल्या तक्त्यात तुम्ही काहीही करा, आम्ही बोर घेणार. आता तसं उरत नाही. तुम्ही घेणार असाल तर आम्हाला घ्यावाच लागेल, पण तुम्ही थांबणार असाल तर आम्हालाही थांबण्यातच जास्त गोडी आहे. समतोल एकाऐवजी दोन झाले, एक चांगला आणि एक वाईट. कोणत्या समतोलावर जाऊन बसायचं हे हावरेपणावर ठरत नाही. समोरच्याबद्दल काय वाटतं, एवढ्यावरच ठरतं.

पण हे झालं अर्धं. दुसऱ्या बाजूचे आकडे मी या वेळी भरणार नाही. चिक्कप्पांचा क्रम तू मला कळव. चार ओळी लिही, जास्त काही नको. वर काय, खाली काय, तेवढंच.

अव्वानं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय. पाठवायची कशी, ते तिला समजत नाही. उदगीर एवढं जवळ असून.

शिवकन्या

विष्णुपुरी, नांदेड
१० मार्च २०२४

रुद्रेश,

तुझी चिठ्ठी मिळाली. दुकानाच्या पावतीच्या पाठीवर चार ओळी, खाली नाव नाही, पण अक्षर तुझंच. दोघांनी बोर न घेणं सगळ्यात वर. मग एकट्यानं घेणं. मग दोघांनी घेणं. तळाला, दोड्डप्पानं, म्हणजे आमच्या अप्पांनी, घेणं आणि आपण बघत बसणं. हुबेहूब आमच्या अप्पांचा क्रम. आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस, "अप्पांनी नंबर लावला कारण भीमाशंकर म्हणाला दोड्डप्पानं लावलाय."

हे वाचून मी विष्णुपुरीच्या धरणाकडं चालत गेले आणि बराच वेळ कठड्यावर बसून राहिले. यंदा पाणी खूप खाली गेलंय, काठाचे खडक उघडे पडलेत.

आता तूही खरं सांगितलंस, तर मीही सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की अप्पांनी भीमाशंकरला काय उत्तर दिलं ते विचारलं नाही. विचारलं होतं. त्यांनीही नंबर लावलाय. कारण तेच, मलप्पानं लावलाय म्हणून. त्या माणसानं दोन्ही ओसऱ्यांवर एकच वाक्य टाकलं, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचं नव्हतंच, म्हणून ते खरं ठरलं.

मग मी मॅडमना विचारलं, दोघांनाही सांगून टाकलं की समोरचा थांबायला तयार आहे, तर संपलं नाही का? त्या म्हणाल्या, "सांगणं स्वस्त असतं. तुला वाटतं तुझे काका तुझ्या सांगण्यावर बाग पणाला लावतील? तुझा चुलतभाऊ त्यांना म्हणाला, तर ते म्हणतील पोराला फितवलंय. ज्यात सांगणाऱ्याचं स्वतःचं काही जातं, तेवढंच समोरचा खरं धरतो." मग त्यांनी एका सेनापतीची गोष्ट सांगितली. नदी ओलांडून गेल्यावर त्यानं आपल्याच नावा जाळून टाकल्या. शत्रूनं ते बघितलं आणि ओळखलं की हे आता मागे फिरणार नाहीत. स्वतःची एक वाट बंद केल्यानं माणूस दुबळा होतो असं आपल्याला वाटतं. कधीकधी त्यानंच समोरच्याचा विचार बदलतो. मात्र ते उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं करावं लागतं.

परवा शिवरात्रीला घरी होते. उपासाच्या फराळानंतर ही गोष्ट अप्पांना सांगितली. तक्ताही दाखवला, तुझी चिठ्ठीही वाचून दाखवली. नाव सांगितलं नाही, पण त्यांनी अक्षर ओळखलं. म्हणाले, "पोरानं लिहिलं का हे?"

अव्वा भांडी आवरता आवरता म्हणाली, "दोघंबी दुसऱ्यानं आधी करावं म्हणून बसलेत. बाग तवर थांबंल व्हय?"

"मी आधी केलं अन् त्यानं तरीबी बोर घेतला तर?" अप्पांनी मला विचारलं.

मी खोटं नाही बोलले. म्हटलं, "तर आपल्या वाट्याला एक येईल, अप्पा. बाग जाईल."

एकच गोष्ट विचारायची आहे तुला. तो क्रम चिक्कप्पांना विचारून लिहिलास ना? या एका कागदावर आता बरंच काही टेकलंय. लवकर कळव.

शिवकन्या

विष्णुपुरी, नांदेड
३१ मार्च २०२४

रुद्रेश,

तुझं उत्तर आलं नाही, आणि अप्पा थांबले नाहीत.

काय केलं ते तुम्हाला बांधावरून दिसलंच असेल, पण कसं ठरलं ते सांगते. शिवरात्रीनंतर ते कित्येक दिवस बागेच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. अव्वाला वाटलं मोसंबीचा बहार बघतात. मग एक दिवस जेसीबी बोलावला आणि आपल्याच शेतात शिरायच्या वाटेवर, फाटकाच्या आत, आडवा चर खोदून घेतला. पुरुषभर खोल. माती दोन्ही काठांवर टाकली. आता बोरची गाडीच काय, बैलगाडीही आत जाणार नाही. पाऊस झाला की माळावरचं पाणी त्या चरात अडेल आणि जमिनीत मुरेल, झरा दोन्ही शेतांचा एकच आहे, तेव्हा ते तुम्हालाही मिळेल. पण पाऊस यायला अवकाश आहे. तोवर तो नुसता खड्डा आहे, आणि उतरवलेली मोसंबी अप्पांना डोक्यावरून रस्त्यावर आणावी लागणार आहे.

मी फोनवर म्हटलं, "अप्पा, रुद्रेशचं उत्तर तर येऊ द्यायचं होतं."

ते म्हणाले, "उत्तर आल्यावर केलं असतं, तर ते त्याच्या भरवशावर केलं असतं. हे माझ्या भरवशावर केलं."

त्यांनी भीमाशंकरला नंबर काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला म्हणे, "मालक, मलप्पा मालकांची गाडी तर येणारच हाय." अप्पा म्हणाले, "येऊ दे."

गणितानं बघितलं तर आता डाव सोपा आहे. आमच्याकडं बोर होऊच शकत नाही, हे चिक्कप्पांना डोळ्यांनी दिसतंय. मग त्यांच्यापुढं दोनच घरं उरतात, एकात चार आहेत, एकात तीन. कोणीही चार घेईल. पण हे सगळं तुझ्या पावतीवरचा क्रम त्यांचा असेल तरच. त्यांच्या मनात चार आणि तीन माझ्या पहिल्या तक्त्यासारखे असले, तर आम्ही स्वतःच्या हातानं दार लावून घेतलंय आणि ते शांतपणे बोर घेतील. इतकं बरोबर गणित मी आयुष्यात मांडलं नव्हतं, आणि इतकी भीतीही वाटली नव्हती.

वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझ्यावर काही टाकत नाही. पण अव्वा रोज सकाळी तुमच्या फाटकाकडं बघते, गाडी आली का म्हणून.

शिवकन्या

उदगीर
१६ एप्रिल २०२४

अक्का,

मला तुझ्यासारखं लिहायला येत न्हाई. जमंल तसं लिहितो.

मी अप्पांना विचारलं नव्हतं. ती चिठ्ठी मी माझ्या मनानं लिहिली. मला वाटलं अप्पांच्या मनात असंच असंल. असावं असं वाटलं, खरं तर. मग तुझं पत्र आलं, विचारून लिहिलंस ना म्हणून. दोन वेळा उत्तर लिहिलं अन् फाडलं. तेवढ्यात दोड्डप्पानं चर खोदला. तवापासून मला दुकानात चैन न्हाई.

चर खोदला तवापासून अप्पा रोज दुकान माझ्यावर टाकून शेतावर जायचे. बांधावर उभे राहून बघायचे. घरी येऊन अव्वाला म्हणायचे, "ह्याचं डोकं फिरलं काय?" कधी म्हणायचे, "यात काय तरी डाव हाय."

काल गाडी आली. मी मुद्दाम दुकान बंद ठेवून शेतावर गेलो. गाडी फाटकासमोर उभी, इंजन चालू, बोलायचं तर वरडून बोलावं लागत होतं. भीमाशंकर जागा दाखवा म्हणून राहिला होता. अप्पा जागा दाखवायला चालले अन् मधीच उभे राहिले. चराकडं बघत होते.

मी जवळ गेलो. म्हटलं, अप्पा, एक विचारू का. दोड्डप्पानं बोर घेतला न्हाई, तर तुम्हाला घ्यायचाय का?

"त्यानं नंबर लावला म्हणून तर मी लावला," अप्पा म्हणाले.

"आता त्याच्या शेतात गाडी जाती का?"

भीमाशंकर मधी आला, "मालक, उरकून घ्या. आज माघारी गेली तर पुन्हा गाडी लवकर मिळायची न्हाई."

अप्पांनी त्याला विचारलं, "आधी नंबर कोणाचा होता? माझा का गुरुपादप्पा अण्णाचा?"

"तसं दोघांचंबी एकाच हप्त्यात..."

"आधी कोणाचा?"

तो डोक्याची टोपी काढून घाम पुसायला लागला. डायवर काय समजला काय माहीत, त्यानं इंजन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की तुमच्या बाजूचं ठिबक ऐकू येत होतं. तुमच्या झाडांखाली तुझी अव्वा, आमच्या दोड्डव्वा, उभ्या होत्या. पदर तोंडाला लावलेला.

अप्पा म्हणाले, "गाडी माघारी घे." एवढंच. भीमाशंकर लई बोलला, गाडीचा खर्च, जबान दिली होती, असं तसं. अप्पांनी ऐकून घेतलं अन् त्याला चहापाण्याचं देऊन लावून दिलं.

चांगलं काय बोलले म्हणशील तर न्हाई. गाडी गेल्यावर मला म्हणाले, "येडा हाय तुझा दोड्डप्पा. सोताचीच वाट खोदून बसला. माल काय डोक्यावरून नेणार हाय का या वयात?" जरा वेळानं म्हणाले, "आपल्या वाटेनं नेऊ दे म्हणावं. जाऊन सांग." मी निघालो तर माघारी बोलावलं. "सांगू नको. फाटक उघडं ठेव नुसतं."

फाटक उघडं हाय, अक्का. कुलूप मी घरी आणून ठेवलंय.

तू चिठ्ठीबद्दल रागवणार असशील तर फोनवर रागव. मी उचलतो.

रुद्रेश

विष्णुपुरी, नांदेड
१९ मे २०२४

रुद्रेश,

उद्या माझी तोंडी परीक्षा आहे आणि मी अभ्यास सोडून तुला लिहितेय. परवा शेतावर जे झालं ते तू हैदराबादला माल आणायला गेला होतास म्हणून बघितलं नाहीस, आणि चिक्कप्पा सांगणार नाहीत. फोनवर माझ्याकडून ते अर्धवट सांगून झालं असतं.

आपण दोघांनी फोनवर मोटारीच्या पाळ्या लावल्या, एक दिवस तुमची, एक दिवस आमची, तेव्हा मला वाटलं होतं अवघड भाग संपला. एकमेकांशी न बोलता दोघं नुसत्या मोटारीच्या आवाजावर पाळी पाळत होते. पुस्तकात याला पुन्हा पुन्हा खेळला जाणारा खेळ म्हणतात. एकदाच खेळायचा असला तर माणूस फसवून निघून जाऊ शकतो. उद्या आणि परवाही त्याच्याशीच खेळायचं असलं की उद्याची सावली आजच्या दिवसावर पडते. अप्पांना मी साधी रीत सांगून ठेवली होती: पहिल्यांदा आपण नीट वागायचं, नंतर समोरच्यानं मागच्या पाळीला जे केलं, तेच आपण या पाळीला करायचं. अप्पांना ती एकदम पटली होती.

परवा आमची पाळी. दुपारी लाईट आली, आणि आवाज तुमच्या बाजूनं आला.

अप्पा जेवण टाकून उठले. आमच्या स्टार्टरजवळ जाऊन उभे राहिले. दोन्ही मोटारी एकदम चालल्या की दोन्ही बोर फुसफुसतात, हे त्यांना माहीत आहे. तरी हात बटणावर. मला म्हणाले, "तूच सांगितलं होतं. त्यानं केलं तर आपणबी करायचं. उद्या त्याच्या पाळीलाबी लावतो."

मी म्हटलं, "अप्पा, चुकून झालं असेल तर? आपण उद्या त्यांच्या पाळीला लावली, तर परवा ते पुन्हा आपल्या पाळीला लावतील, मग हे थांबायचंच नाही."

"चुकून झालं का मुद्दाम, हे इथं उभं राहून कसं कळंल?"

रुद्रेश, यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. मी ते वाचलंय, त्याची उदाहरणं सोडवलीत. समोरच्याची चाल कधी चुकून वेगळी पडली तर काय करायचं, किती वेळा माफ करायचं, सगळं आहे. अप्पा माझ्याकडं बघत उभे होते आणि मला त्यातलं एक अक्षर आठवेना.

अव्वा भाकरीचा हात तसाच घेऊन बाहेर आली. म्हणाली, "जाऊन बघा की."

अप्पांनी पायात चपला सरकवल्या आणि बांध ओलांडला. दोन वर्षांत पहिल्यांदा. अव्वा आणि मी झाडांच्या आडून बघत होतो. तुमच्या मोटारीच्या खोपीत कोणी नव्हतं. अप्पांनी आत वाकून स्टार्टर बंद केला. आवाज थांबला, आणि त्याच वेळी फाटकातून चिक्कप्पांची मोटारसायकल आत आली.

त्यांनी गाडी स्टँडवर लावली नाही, तसेच पाय टेकून बसून राहिले. त्यांच्या खोपीत, त्यांच्या स्टार्टरवर हात ठेवून, आमचे अप्पा. अव्वानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की पिठाचे ठसे उमटले.

अप्पा म्हणाले, "मलप्पा, तुझा ऑटो चालूच राहिला होता. लाईट आली की आपोआप लागली मोटार."

चिक्कप्पा म्हणाले, "काल लाईट गेली तवा बंद करायचं राहून गेलं."

"मी बंद करायला आलो."

"हाव."

चिक्कप्पांनी गाडी लावली, खोपीत आले. दोघं त्या डब्याकडं असे बघत होते जणू त्यात काही लिहिलंय.

"काढूनच टाक तो ऑटो," अप्पा म्हणाले. "असला तर पुन्हा राहील."

"काढतो. पाना न्हाई माझ्याकडं."

"माझ्याकडं हाय."

"मंग आण की."

अप्पा बांध ओलांडून परत आले. आमच्याकडं बघितलं नाही. आत जाऊन पेटी धुंडाळली, पाना सापडेना म्हणून अव्वावर ओरडले, आणि सापडल्यावर मला म्हणाले, "चहा ठेवायला सांग तिला. मलप्पाला साखर कमी." कमी साखर त्यांच्या कधी लक्षात राहिली, कोण जाणे. ते गेले. मी ठेवला चहा.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. पाणी आहे तेवढंच आहे. अप्पांनी उताराकडच्या झाडांचं ठिबक बंद केलंय, ती झाडं पावसापर्यंत टिकणार नाहीत. तुमच्याकडचीही तळाची सोडावी लागतील, हे चिक्कप्पांनी मला काल स्वतः सांगितलं. मॅडम उद्या विचारतील की तुझ्या खेळाचा निकाल काय, तर मी हेही सांगणार आहे. चांगल्या समतोलातही काही झाडं जातात.

पण तुला सांगायचं होतं ते पुढचं. मी कप घेऊन निघाले, तर बांधापाशी पोचण्याआधीच खोपीतून आवाज चढलेले ऐकू आले. अप्पांचा आणि चिक्कप्पांचा, दोघांचाही, अगदी दोन वर्षांपूर्वीच्यासारखे. मी तशीच धावत गेले.

दोघं जमिनीवर मांडी घालून बसले होते, मधे उघडा डबा, आणि हातवारे करून भांडत होते. दहा-अकराचा पाना लागतो की बारा-तेराचा, यावरून.

शिवकन्या